जुन्या ट्यूबचा दोर

बावीस मजले, अकरा वेळा.
भांडुपच्या ह्या टॉवरची लिफ्ट चांगली चालू असताना
आम्ही चौघं पाठीवर दहा-दहा किलो तांदूळ घेऊन
जिने चढतो,
आणि वॉचमन रजिस्टरात, 'कामाचे स्वरूप' ह्या रकान्यात,
दर शनिवारी न चुकता लिहितो : सामान.

सातव्यावर बोंबील तळलेले असतात.
तेराव्यावर कुणीतरी पेटीवर तीच जागा चुकतं, दर आठवड्याला,
आपल्यासारखंच, असं मेल्विन धापांच्या मधून म्हणतो.
अठराव्यावरचं कुत्रं आधी भुंकायचं;
आता नुसतं बघतं.

शर्यत डिसेंबरात. चार दिवस, तीन रात्री,
पायी, सायकलवर, पाण्यातून.
नियमांचं पुस्तक चाळीस पानी आहे,
मला त्यातला एकच पाठ झालाय :
चौघांची वेळ म्हणजे शेवटच्याची वेळ.

शेवटचा मी.
बँकेत एकोणीस वर्षं खुर्चीत काढलेली,
गुडघ्यांतून वाळू सांडल्यासारखा आवाज.
म्हणून नकाशा माझ्याकडे,
म्हणून कप्तानही मीच.
थांबायला कारण लागतं, आणि नकाशा बघणं हे कारण आहे.

हर्षला तांडेलला भरती-ओहोटीचं कोष्टक लागत नाही.
तिथी सांगा, ती पाणी सांगते.
मनोरीच्या खाडीत पहाटे साडेतीनला
मी आणि मेल्विननं कायाक उलटी केली
आणि मांडीभर चिखलात उभे राहून
चूक कुणाची, ह्यावर भांडत बसलो,
तेव्हा ती तिवरांकडे तोंड करून म्हणाली,
"भांडा. पाणी चाललंय.
अर्ध्या तासानं इथं निवट्या राहतील आणि तुम्ही."

इक्बाल मुकादम डोळ्यांवर फडकं बांधून पंक्चर काढतो.
तिसऱ्या रात्री डोळे कामाचे नसतात, म्हणतो,
बोटांना आत्तापासून सांगून ठेवायचं.
त्यानंच दुकानातल्या टाकलेल्या ट्यूबा कापून
दोर केला, दोन्ही टोकांना कड्या :
एक पुढच्याच्या कमरेला, एक मागच्याच्या.
तीन महिने मी तो पिशवीतून बाहेर काढू दिला नाही.
माझ्या बापानं मला शाळेतसुद्धा
हात धरून नेलं नव्हतं.

मग ती दुसरी रात्र, झोपेशिवायची.
गोराईहून उत्तनच्या चढावर
मी एका विजेच्या खांबाला रस्ता विचारला
आणि त्यानं उत्तर दिलं नाही म्हणून रागावलो.
कुणी हसलं नाही.
मेल्विननं फक्त माझ्या तोंडात गुळाचा खडा टाकला,
मीठ लावलेला.
थोड्या वेळानं पाय हलके झाले.
खरंच हलके.
चढ तोच, पण रस्ता जणू स्वतःच पुढे सरकत होता,
आणि मी मनात हिशोब मांडला :
गूळ, किंवा सराव, किंवा शेवटी एकदाची ती ताकद
जिच्याबद्दल सगळे बोलतात.
मी तर एक-दोनदा म्हणालोसुद्धा, "चला, चला, मागे राहू नका."

उजाडलं तेव्हा चर्चची घंटा वाजत होती,
कोळणी टोपल्या घेऊन निघालेल्या,
त्यातली एक थांबून माझ्या पोटाकडे बघत राहिली.
मीही बघितलं.
काळी ट्यूब, ताणलेली,
माझ्या पट्ट्यापासून मेल्विनच्या कमरेपर्यंत,
तिथून दुसरी, हर्षलापर्यंत.
कडी कुणी, कधी अडकवली,
कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
काढलीही नाही.
समुद्र दिसेपर्यंत तसाच चाललो,
फक्त "चला, चला" म्हणायचं बंद केलं.

पुढच्या शनिवारी माझी कडी मी घरूनच लावून आलो.
वॉचमननं पेन उचललं, ट्यूब बघितली, मला बघितलं.
"सामान," मी म्हणालो.
त्यानं लिहिलं.

अठराव्यावरचं कुत्रं मात्र त्या दिवशी
खूप दिवसांनी भुंकलं.